पहिल्या खांद्याची यादी

१४ जून २०२५
सावेडी, नगर

आण्णा,

पाया पडतो असं लिहायची मला सवय नाही. पडलो असं धरा.

फोन तुम्ही उचलत नाही. आईच्या मोबाईलवर केला तर मागून तुमचं खाकरणं ऐकू येतं आणि ती घाईनं ठेवून देते. म्हणून पोस्टानं. पाकीट घ्यायला गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, "रजिस्टर करायचंय का? नोकरीचा अर्ज हाय का?" म्हटलं, वडिलांना पत्र आहे. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि तिकीट स्वतःच चिकटवून दिलं. अशी माणसं असतात.

मी बरा आहे. आधी महिनाभर शिर्डीत होतो, एका फुलवाल्याकडं. गुलाबाचे काटे काढायचं काम. त्यासाठी एक लोखंडी चिमटा असतो, देठावरून एकदा ओढला की सगळे काटे खाली. तो चिमटा कोण बनवतं ते शोधत मी कोपरगावपर्यंत गेलो आणि परत आलो तोवर माझ्या जागी दुसरा बसला होता. ते जाऊ दे.

आता सावेडीत निवेदिता मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आहे. सकाळी शटर उघडायचं, खुर्च्या पुसायच्या, चहा आणायचा. त्याबदली शेवटच्या बाकावर बसून शिकायला मिळतं आणि माळ्यावर झोपायला. शिकवतात ती पायथन नावाची भाषा, कॉम्प्युटरला कामं सांगायची. सुरुवातीचं मी मोबाईलवर बघून शिकलो होतो. त्यातूनच यात्रेतल्या पालखीच्या मानाची यादी केली होती. आता त्याच्या पुढचं शिकतोय.

यात्रेचं लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण दुसरं काय लिहू.

तुम्ही पालखीच्या पुढच्या दांडीला हात लावून उभे होतात. डोक्याला नवा फेटा. मी माईकच्या खांबाजवळ होतो, तिथून कसं दिसलं ते सांगतो. कानिफनाथ गुरवांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, माझा कागद उघडला आणि पहिल्या खांद्याचं नाव पुकारलं. भीमाबाई सहादेव. आपण काय वाचलं ते त्यांना नंतर कळलं. माईक चालू होता, त्यामुळं त्यांनी घेतलेला श्वास अख्ख्या यात्रेनं ऐकला.

एक्केचाळीस घरांचा मान. पहिला खांदा आपल्या घराचा, देवळाच्या दारात, सगळ्यांसमोर. शेवटचा भीमाबाईच्या घराचा, गुरांच्या बाजारामागं, तिथं पालखी पोचते तेव्हा माणसं कुस्त्यांना निघून गेलेली असतात. आणि पालखीपुढं एकदा पुकारलेलं नाव माघारी घ्यायचं नाही. त्यामुळं कुणी काही बोललं नाही. तुम्हीच दांडीवरचा हात काढलात आणि दोन पावलं मागं आलात. भीमाबाईच्या हातात नैवेद्याचं ताट होतं. ते कुणाकडं द्यावं तिला कळेना, कुणी हात पुढं करेना. शेवटी जमिनीवर ठेवलं, पदर खोचला आणि खांदा दिला.

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "ज्या हातानं ते लिवलं, त्या हातानं ह्या घरात जेवायचं न्हाई." मी डाव्या हातानं जेवलो असतो, पण विनोदाची वेळ नव्हती.

तुम्हाला वाटतं मी मुद्दाम केलं. गावातल्या पोरांनाही तेच वाटतं, फक्त त्यांनी मला उचलून नाचवलं. मी दोघांनाही काही म्हणालो नाही.

सध्या एवढंच. इथं डास फार आहेत.

आदिनाथ


९ ऑगस्ट २०२५
सावेडी

आण्णा,

आई म्हणाली, पत्र पोचलं. आपल्या गिरणीत फळीवर ठेवलंय, फोडलं नाही, वर पिठाचा थर बसलाय. "ज्वारीचा का गव्हाचा?" म्हटलं. तर ती हसली आणि मग लगेच रडली. तिच्याशी बोलताना आता जपून बोलतो.

इथं सध्या चुका हाताळायला शिकवतायत. म्हणजे असं, की प्रोग्राममध्ये जे बिघडू शकतं ते आधी ओळखायचं, आणि बिघडलं तर काय करायचं ते लिहून ठेवायचं. मी सगळ्यात सोपं केलं. काहीही बिघडलं तर 'पास' असं लिहिलं. पास म्हणजे काही करू नको, पुढं चल. माझा प्रोग्राम झकास चालला. एकही चूक दाखवेना. मी मॅडमना बोलावलं.

निवेदिता मॅडम मूळच्या नगरच्याच, घरात तीन पिढ्या मास्तर, त्यामुळं ओरडत नाहीत. नुसतं बघतात.

"आदिनाथ, हे काय केलंस?"

"चूक आली तर पुढं जायचं, मॅडम."

"म्हणजे चूक झाली आणि तू तिला गप्प बसवलंस. अरे, प्रोग्राम बंद पडला असता तर परवडलं असतं. निदान कळलं असतं. हा चालतच राहणार, खुशाल चुकीचं काम करत. आणि बाहेरच्या माणसाला वाटणार, वा, काय सुरळीत चाललंय."

"माझंही तसंच चाललंय, मॅडम."

"ते दिसतंय. चहा आण."

चहा आणायला गेलो तर टपरीशेजारी एक जण जुन्या घड्याळांचे पट्टे विकत होता, नुसते पट्टे, घड्याळं नाहीत. त्याच्याशी बोलण्यात अर्धा तास गेला. चहा गार.

तर मुद्दा. मला माहीत नाही ते नाव वर कसं आलं.

हे मी कुणाला बोललो नाही. राम आबांनी कमिटीतर्फे मला तीन वह्या दिल्या होत्या. एक देवळातली, एक शाळेतल्या गुरुजींनी उतरवलेली, एक त्यांची स्वतःची. तिन्हींत तीच घरं, पण कुठं एखादं सुटलेलं, कुठं दोनदा लिहिलेलं. शिवाय मेलेल्या माणसांची नावं काढून घरातल्या जित्या माणसाचं घालायचं होतं. सहादेवबाबा गेले म्हणून भीमाबाईचं नाव आलं. ते मी मुद्दाम केलं, कारण तसं सांगितलंच होतं. पण क्रम मी बदलला नाही. पहिलं नाव तुमचं, 'मच्छिंद्र', मी माझ्या हातानं टाईप केलंय. मग दुबार नावं काढायला एक ओळ लिहिली, यादी साठवली आणि कर्जतला जाऊन छापून आणली. छापल्यावर उघडून बघितली नाही. त्या दिवशी पाळणेवाला आला होता. तो एकटा माणूस चौदा फुटांचं चाक कसं उभं करतो ते बघत बसलो.

तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच का नाही बोललास.

एक तर पोरांनी वर उचललं होतं. वरून यात्रा वेगळी दिसते. माझ्या हातून काहीतरी झालं असं लोकांना पहिल्यांदाच वाटत होतं, ते मोडायला नको वाटलं. हे चांगलं कारण नाही, पण पहिलं कारण हेच.

दुसरं, सकाळी मी पिशवी घेऊन स्टँडवर उभा होतो तेव्हा भीमाबाई आली. भाकरी बांधून आणली होती. म्हणाली, "चाळीस वर्सं मी त्या घरात नांदले. पालखीचं दांडकं कसलं असतं ते काल कळलं. नाथानं लिवलं रं पोरा." तिला काय सांगू? मी भाकरी घेतली आणि गाडीत बसलो.

आदिनाथ


१७ ऑक्टोबर २०२५
सावेडी

आण्णा,

सापडलं.

आज मॅडमनी नावांचे गठ्ठे ठेवायच्या पद्धती शिकवल्या. एकीला लिस्ट म्हणतात. ती म्हणजे आपल्या गिरणीतली डब्यांची रांग. आधी आलेला डबा आधी दळला जाणार, मग तो सरपंचाचा असो नाहीतर कुणाचा. तुम्ही कधी डबा मागंपुढं केला नाहीत, मी साक्षीला आहे. मॅडमना मी हेच उदाहरण दिलं, त्या म्हणाल्या, बरोबर.

दुसरीला सेट म्हणतात. सेटमध्ये एक नाव एकदाच राहतं, दुबार आपोआप गळतात. मी मागून ओरडलो, "ही मी वापरलीय, मॅडम!" पहिल्यांदाच मला काहीतरी आधीपासून येत होतं.

"छान. मग सेटमध्ये काय राहत नाही, ते सांग."

मी वही चाळायला लागलो.

"क्रम," त्या म्हणाल्या. "सेटला पहिलं-शेवटचं माहीतच नसतं. पिशवीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसं. बाहेर काढताना कुठली आधी येईल ते तुमच्या हातात नाही. नावांच्या बाबतीत तर प्रोग्राम बंद करून पुन्हा चालवला की क्रम पुन्हा वेगळा."

पुढचं मी ऐकलं नाही. क्लास सुटल्यावर मोबाईलमधून जुनी फाईल काढली, क्लासच्या मशीनवर टाकली आणि चालवली. पहिलं नाव राम आबांचं. बंद केली, पुन्हा चालवली. पहिलं नाव कुंभारआळीतलं. असं शंभर वेळा केलं. मॅडम घरी जायच्या खोळंबल्या होत्या, त्याही शेवटी खुर्ची ओढून बसल्या आणि कागदावर रेघा मारायला लागल्या. राम आबा चार वेळा पहिले. तुम्ही तीन वेळा. भीमाबाई एकदा.

म्हणजे ना मी केलं, ना कुणी केलं. तुम्ही मला ज्यासाठी घराबाहेर काढलंत ते मी केलेलंच नाही. मला नीट येत नव्हतं एवढंच. हे मॅडम लिहून द्यायला तयार आहेत, सहीनिशी.

आता घरी येता येईल, हा पहिला विचार. दुसरा विचार असा की हे तुम्हाला कळलं तर तुम्ही गिरणीत सांगणार. सांगणारच, पोराची बाजू आहे. गिरणीतून गावात. आणि मग भीमाबाईला रस्त्यात कुणीतरी हसत सांगणार, बाई, तुझा मान म्हणजे मशीनची गडबड हुती.

तुमचा राग जायचा असेल तर तिचा तो मान जायला पाहिजे. दोन्ही साधेल असं मला काही सुचत नाही.

(२१ ऑक्टोबर) पत्र लिहून चार दिवस झाले. टाकलं नाही.


२५ जानेवारी २०२६
सावेडी

आण्णा,

सोबत ऑक्टोबरचं पत्र जोडलंय. आधी ते वाचा, मग हे. किंवा दोन्ही फळीवर ठेवणार असाल तर कुठलंही आधी ठेवा.

राम आबांचा फोन आला होता. "आदिनाथ, यंदाची यादी तूच कर. तीन घरं विभक्त झाली, मान थोरल्याच्याच नावावर, दोघं वारले, आमच्या त्या वह्यांचा मेळ लागत न्हाई. पन गेल्या सालासारखा चावटपना नको. हुती तशी कर, मच्छिंद्राला पुढं घाल, मिटवून टाक. तुझ्या बापानं वर्सभर देवळाची पायरी चढली न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. आईनं सांगितलं नव्हतं. तुम्ही दर गुरुवारी जायचात.

आठ दिवसांनी भीमाबाईच आली. नगरला मोतीबिंदूचं शिबिर होतं, एका डोळ्याला हिरवी पट्टी. शिबिरातल्या पोरीला आईकडनं आणलेला माझा नंबर दाखवून तिनं फोन लावायला लावला. मी केळी घेऊन गेलो. व्हरांड्यात दहा-बारा म्हाताऱ्या एका रांगेत बसल्या होत्या, सगळ्यांना हिरव्या पट्ट्या. मी आधी चुकीच्या म्हातारीला केळी दिली. तिनं एक खाल्लंही.

ठरवून गेलो नव्हतो, पण तिच्याशेजारी बसल्यावर सांगून टाकलं. सेट, पिशवी, चिठ्ठ्या, शंभरातून एकदा. तिनं सगळं ऐकलं. मग उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

"मला ठावं हुतं," म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"तू न्हाई केलं ते. तुझी एवढी छाती न्हाई. बापाम्होरं तुझा आवाज निघत न्हाई, तू त्याचं नाव खाली घालशील व्हय?"

"मग त्या दिवशी स्टँडवर..."

"नाथानं लिवलं म्हनलं हुतं मी. तू लिवलं, असं म्हनलं का?"

शेजारची म्हातारी केळ्याची साल हातात धरून हसायला लागली.

"पण मावशी, ती चूक होती. तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"चूक तुझी हुती. खांदा माझा हुता. वजन माझ्या खांद्याव आलं, ते काय चुकून आलं का? आट दिस दुखत हुता." मग म्हणाली, "लोक इचारत्यात मला, यंदा काय गं? मी म्हनते, यंदा गुरांच्या बाजारामागं, सवयीची जागा. तितंच बरं."

"खरंच बरं?"

"न्हाई," ती म्हणाली. "पन यंदा तुला चुकता येनार न्हाई ना. आता तू शिकलास."

तेवढ्यात नर्सनं नाव पुकारलं, डोळ्यात औषध घालायला, आणि ती उठून गेली. जाताना केळी घेऊन गेली.

तिला हे कळल्यामुळं तुम्हाला पत्र टाकायला आता हरकत नाही. मी दोषी नाही, हे तुम्ही आता कुणालाही सांगू शकता. तिची परवानगी आहे असं समजा.

आदिनाथ


२८ मार्च २०२६
सावेडी

आण्णा,

आई म्हणाली, तुम्ही सगळी पत्रं एकाच दिवशी फोडलीत. गिरणी बंद ठेवून. मग जेवलात आणि म्हणालात, "म्हंजे पोरानं केलं न्हाई." आईनं विचारलं, "बोलावू का?" तर म्हणालात, "यात्रंला येऊ दे. यादी घिऊन येऊ दे."

आई फोनवर इतकी खूष होती की मी पुढचं बोललो नाही. ते आता लिहितो.

क्रम न मोडता दुबार नावं काढायची रीत मॅडमनी मला ऑक्टोबरातच दाखवली होती. एका ओळीचं काम. ती ओळ घातली, तिन्ही वह्यांची नावं नव्यानं टाईप केली आणि यादी हवी तशी आली. मच्छिंद्र पहिले, भीमाबाई एक्केचाळिसावी. दहा वेळा चालवली, दहाही वेळा तशीच. ती मी साठवली आणि बाहेर गेलो. प्रोफेसर कॉलनी चौकात एका ट्रकचं टायर बदलत होते, ते थोडा वेळ बघितलं. मन लागेना, परत आलो.

अडचण अशी आहे की आता क्रम माझ्या हातात आहे. गेल्या वर्षी नव्हता.

मी फार विचार करणारा माणूस नाही, तुम्हाला माहीत आहे. पण त्या शंभर वेळांत सदतीस-अडतीस वेगवेगळी घरं पहिली आली होती, आणि त्यातली एकही यादी वाचताना मला असं वाटलं नाही की ह्या घराला पालखी उचलणार नाही. आपलं नाव वर आलं तेव्हाही काही वेगळं वाटलं नाही. ह्याच्यापलीकडं माझ्याकडं मोठं कारण नाही. पोरांना वाटतं तसं मला काही उलथवायचं नाही.

म्हणून आणखी एक ओळ घातलीय. दरवर्षी शेवटचं घर काढून पहिलं लावायचं, बाकीची एकेक जागा खाली. त्यामुळं यंदा पहिला खांदा भीमाबाईचा, दुसरा तुमचा. पुढच्या वर्षी चाळिसाव्या घराचा पहिला, तुमचा तिसरा. असं करत सगळ्यांची पाळी येणार. आपली येईल तेव्हा मी बासष्ट वर्षांचा असेन. तुमच्या हयातीत ती येणार नाही. हे गोड करून सांगायचा प्रयत्न केला, दोन कागद फाडले, जमलं नाही.

राम आबांना यादी आधी दाखवणार आहे. माईकवर कुणाला धक्का द्यायचा नाही. त्यांनी नको म्हटलं तर जुनी वही वाचतील, ती त्यांची मर्जी. पण माझ्या हातनं जाणारी यादी हीच, आणि खाली माझं नाव छापलंय.

आबांच्याही आधी तुम्हाला कळवतोय.

तुम्ही यादी घेऊन ये म्हणालात ते कुठल्या यादीसाठी, ते मला कळतं. ती जुन्या क्रमाची यादी मी पुसून टाकलेली नाही. ती घेऊन आलो असतो तर सगळं जागेवर बसलं असतं, आणि मी जेवायला बसलो असतो.

मंगळवारी दुपारच्या कर्जत गाडीनं येतोय. पिशवी स्टँडवरच ठेवीन, घरात आणणार नाही, म्हणजे तुम्हाला ती बाहेर टाकायला लागणार नाही. गेल्या वर्षी तुम्ही मला काही विचारलं नव्हतंत, सरळ निकाल दिलात. विचारलं असतंत तर मी केलं नाही, एवढं तरी म्हणालो असतो. यंदा विचारा. सगळ्यांसमोर विचारलंत तरी चालेल. मी केलं म्हणेन.

आदिनाथ